एकविसावा गडवा

मंगरूळपीरला आमचं भांड्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागं आमचं घर. मधे एक लाकडी दार, ते कधी लागत नसे. त्यामुळं आम्ही जेवत असलो, अभ्यास करत असलो, भांडत असलो, तरी दुकानातली टिकटिक घरभर ऐकू यायची. रहीमचाचा ओट्यावर मांडी घालून भांड्यांवर नावं घालायचे, त्याचा तो आवाज. छिन्नी आणि छोटी हातोडी, ठिपक्याला ठिपका लावत अक्षर पुरं करायचं. तो आवाज चालू असला की घर शांत वाटायचं. तो थांबला की मी मान वर करून बघायची, की काय झालं. आता माझ्या स्वयंपाकघरात नावं नसलेली भांडी आहेत, सुना नावं घालू देत नाहीत, जुनाट दिसतं म्हणतात. दिसू दे. पण नाव नसलेलं भांडं हातात आलं की मला आजही ते कुणाचंच नाही असं वाटतं.

रहीमचाचांचा हात असा होता की लांबून लोक भांडी घेऊन यायचे. पण त्यांना उर्दू वाचता येई, मराठी नाही. म्हणून नाव आधी भांड्यावर लिहून द्यावं लागे. चुना पाण्यात कालवायचा, त्यात काडी बुडवायची आणि भांड्यावर लिहायचं. वाळलं की पांढरी रेघ दिसते, ओल्या बोटानं पुसली की जाते. चाचा त्या रेघेवरून ठिपके मारत जायचे. आधी हे काम माझे वडील, अण्णा, करत. पण अण्णांचं अक्षर वहीखात्यातलं, ‘र’ची शेपूट खाली पुढच्या ओळीत जायची. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली, तेव्हा सातवीत असताना ते काम माझ्याकडं आलं. शाळेतून आले की दप्तर टाकायचं, हात धुवायचे आणि चुन्याची वाटी घेऊन बसायचं. लिहिलेली भांडी डाव्या हाताला, कोरी उजव्या हाताला. डावीकडची चाचा उचलायचे. दुकानात एक पाटी होती, तीही मीच लिहिली होती: नाव घातलेले भांडे परत घेतले जाणार नाही.

घरात दोन गोष्टींना वाद नव्हता. एक म्हणजे दिवस मावळायच्या आत जेवण. आम्ही जैन, सूर्य बुडाला की अन्नही नाही आणि पाणीही नाही. थंडीत तर शाळेतून येऊन दोन घास खाईपर्यंत बाई, म्हणजे माझी आई, परसात जाऊन ऊन कुठवर उतरलं ते बघून यायची आणि तिथूनच ओरडायची. दुसरी गोष्ट अण्णांची. लेकीच्या सासरचं पाणी ते पीत नसत, लेकीला मूल होईपर्यंत. माझी थोरली बहीण रत्नाताई कारंज्याला दिली होती. तिला भेटायला गेले की अण्णा घरून गाळलेलं पाणी गडव्यात घेऊन जायचे, त्यावर फडकं बांधून. आमच्याकडं तांब्याला गडवा म्हणतात. ताईच्या ओसरीवर बसून ते आपल्याच गडव्यातलं पाणी पीत आणि ताई दारात उभी राहून बघत राही. तिला मुलगा झाला त्या दिवशी अण्णांनी तिच्या हातचं पाणी मागितलं, तर ती इतकी रडली की पाणी आणायचंच विसरली.

अण्णा मारकुटे नव्हते. ते बोलतही कमी. म्हणूनच त्यांची भीती जास्त वाटे. ओरडणाऱ्या माणसाचं निदान कळतं तरी. आमच्या गल्लीतल्या शोभाच्या पुस्तकात एक चिठ्ठी सापडली होती. चिठ्ठीत काय होतं ते कुणालाच धड माहीत नव्हतं, पण शोभाची शाळा दुसऱ्या दिवशी बंद झाली आणि महिन्याच्या आत तिचं हिंगोलीकडं लग्न लावून दिलं. तिचा बाप अण्णांचा मित्र. अण्णा त्या लग्नाहून आले आणि एवढंच म्हणाले, "बरं केलं त्यानं." मी दाराआड उभी होते. ते तीन शब्द मी कितीतरी दिवस मनात घोकले. माझं मॅट्रिकचं वर्ष होतं आणि मला पास व्हायचं होतं, नुसतं पास नाही, पुढं शिकायचं होतं.

वसंत मला पहिल्यांदा भेटला तो वाशीमच्या बसमध्ये. मी आणि बाई मामाकडून परत येत होतो, वळणावर माझ्या मांडीवरचा डबा घरंगळत गेला तो मागं त्याच्या पायाशी. त्यानं उचलला, झाकणावरचं नाव वाचलं आणि म्हणाला, "मंगरूळच्या भांडेवाल्यायच्या तुमी." मी डबा घेतला आणि खिडकीकडं तोंड केलं. दुसऱ्यांदा भादव्यात, आमच्या मंदिरात, पर्वाच्या दिवसांत. तो त्याच्या काकांबरोबर आला होता आणि पूजेच्या तांदळाचं ताट घेऊन चुकून बायकांच्या बाजूला आला. सगळ्या बायका हसल्या. तो इतका लाल झाला की मला त्याची कीव आली, आणि कीव आली की माझं काही खरं नसतं हे तेव्हा मला माहीत नव्हतं. तिसऱ्यांदा तो दसऱ्याला थेट दुकानातच आला, आईला घेऊन, गडवा घ्यायला. अण्णांनी मला हाक मारली, "पद्मे, नाव लिहून दे." त्याची आई सांगत गेली, मी लिहीत गेले, सौ. कमलाबाई भाऊराव मोहरीकर. आडनाव लिहिताना ‘ह’ वाकडा आला. वसंत हळूच म्हणाला, "चालते, राहू द्या." एवढंच. या तीन भेटींतलं सगळं बोलणं एका पोस्टकार्डावर मावलं असतं. पण मला ते रोज पुरायचं. तो जैनच होता, पण आमच्या पोटजातीतला नव्हता, आणि तेव्हा लग्नाला नाही म्हणायला तेवढंही पुष्कळ होतं.

मार्गशीर्षात किन्हीराजाच्या संपतकाकांच्या मुलीचं लग्न निघालं. ते अण्णांचे जुने गिऱ्हाईक. व्याह्यांकडच्या बायकांना द्यायला त्यांनी एकवीस स्टीलचे गडवे घेतले. प्रत्येकावर एकच मजकूर, संपतराव यांजकडून सप्रेम भेट. मी वीस वेळा ते लिहिलं. वीस वेळा एकच गोष्ट लिहिली की हात आपोआप चालतो आणि डोकं भलतीकडं जातं. एकविसावा गडवा हातात घेतला, चुन्यात काडी बुडवली आणि मी लिहिलं, सौ. पद्मावती वसंत मोहरीकर. नुसतं कसं दिसतं ते बघायला. पोरी वहीच्या मागच्या पानावर असले उद्योग करतात, मला वहीपेक्षा गडवा जवळ होता. छान दिसत होतं. मी ते उन्हाकडं धरून पाहिलं. पुसायला बोट ओलं करणार, तेवढ्यात परसातून बाईची हाक आली, "पद्मे, ऊन भिंतीवर आलं वो. जेवाले चाल." मी उठले आणि गडवा ठेवून दिला. सवयीनं, डाव्या हाताला.

भाकरीचा दुसरा घास तोंडात असताना मला आठवलं. टिकटिक चालूच होती. मी अर्धवट उठले तर बाई म्हणाली, "कुठी चालली? अंधार पडाच्या आत ते पानी गाळून ठेव. आन ते भांडे आटोप." मी पाणी गाळलं ते निम्मं पायावर. कान दुकानाकडं होते. प्रत्येक ठिपका मला ऐकू येत होता आणि यातला माझ्या नावाचा कुठला, हे मी मोजत होते. मग टिकटिक थांबली. मी धावत दुकानात आले तर ओट्यावर एकही गडवा नव्हता. गोणपाट शिवलेलं होतं, अण्णा सुतळीची गाठ मारत होते, आणि संपतकाका म्हणत होते, "शेठ, गाडी निघून जाईन माही." ते गोणपाट हमालाच्या डोक्यावरून बसस्टँडकडं गेलं. रहीमचाचा नमाजासाठी हातपाय धूत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन विचारलं, "चाचा, शेवटचा गडवा?"

"झाला बेटा. सगळे झाले."

"त्याच्यावर काय लिहिलं होतं, पाह्यलं का तुमी?"

चाचांनी पाण्याचा हात तोंडावरून फिरवला. "मी रेघ पाह्यतो बेटा. नाव नाई पाहत."

पुढचे आठ दिवस मी कसे काढले ते मला सांगता येत नाही. माझं पूर्ण नाव, त्याचं पूर्ण नाव, वर सौ., आणि ते सगळं स्टीलवर कोरून, माझ्या स्वतःच्या अक्षरात, एका लग्नमांडवात शंभर बायकांपुढं जाणार होतं. शोभाची तर नुसती कागदाची चिठ्ठी होती, जाळता आली असती. मला ताप आल्यासारखं वाटायचं पण अंग गार असायचं. शाळेत शिक्षिकांनी प्रश्न विचारला की मी भलत्याच प्रश्नाचं उत्तर द्यायची. दारात कुणी किन्हीराजाकडचं बोललं की हातातलं काम टाकून मी दाराआड कान लावायची. रोज सकाळी उठले की पहिल्यांदा अण्णांचा चेहरा बघायची. तो नेहमीसारखाच होता. आता मागं वळून पाहताना एक गोष्ट लख्ख दिसते, तेव्हा दिसली नाही. त्या आठ दिवसांत अण्णा एकदाही संध्याकाळी जेवायला वेळेवर आत आले नाहीत. बाई ताट वाढून दारात उभी राही, ते दुकानातून म्हणत, "गिऱ्हाईक हाय." मग दिवस बुडे आणि बाई ताट तसंच उचलून ठेवी. लगनसराई आहे, असं तिला वाटलं. मला तर काहीच वाटलं नाही. घाबरलेलं माणूस फार स्वार्थी असतं.

संपतकाकांनी लग्नाला बोलावलं होतं. अण्णा दुकान सोडून जात नसत, बाई एकटी जाणार होती. मी हट्ट धरला. परीक्षा जवळ आली असताना मला लग्नाला कायले यायचं होतं, हे बाईनं तीनदा विचारलं, पण नेलं. शेलूबाजारला गाडी बदलली आणि पुढच्या गाडीत चढले तर दाराजवळच्या सीटवर वसंत. तो मालेगावला बहिणीकडं निघाला होता. बाईला पुढं बायकांत जागा मिळाली, मला त्याच्या पाठीमागं. मी देवाचं नाव घेतलं आणि त्याच्या मानेमागं तोंड नेऊन सगळं सांगितलं. आमचं पहिलं लांबलचक बोलणं ते हेच. त्याचे कान लाल होत गेलेले मला दिसत होते.

"पुरं नाव लिहिलं?" त्यानं पुढं बघूनच विचारलं.

"आडनावासकट."

"माय वो." त्यानं हातातल्या तिकिटाची घडी घातली, परत उघडली. मग म्हणाला, "माहा बाप मले घरातून काढन."

"मले तर शाळेतून काढन."

कंडक्टर आला तेव्हा त्यानं मालेगावचं तिकीट दाखवलं आणि किन्हीराजाला आमच्या मागोमाग उतरला. मी त्याला नको म्हणाले नाही. एकटीनं भिण्यापेक्षा दोघांनी भिणं मला बरं वाटलं, हे कबूल करायला आता काय हरकत आहे.

मांडवात एका बाजेवर नवी चादर टाकून गडवे मांडून ठेवले होते. बायका भोवती घोळका करून बसल्या होत्या. मी कौतुक केल्यासारखं एकेक उचलून बघायला लागले. सप्रेम भेट, सप्रेम भेट. सात झाले, आठ झाले. तेवढ्यात नवरीची मावशी म्हणाली, "काय वो पोरी, आवडला काय? तुह्या बापाचंच दुकान हाय की." सगळ्या हसल्या आणि मला मागं सरकावं लागलं. वसंत कुठं गेला ते दिसेना. पंगतीची वेळ झाली, आम्ही तिथं जेवणार नव्हतो, बाई एका कोपऱ्यात घरून आणलेले फुटाणे खात बसली होती. आणि समोरून वसंत आला, हातात पाण्यानं भरलेला गडवा. वऱ्हाडातल्या कुणीतरी त्याला वाढप्यांत ओढलं होतं, त्यानंही ते होऊ दिलं होतं, बाजेवरचे सगळे गडवे त्याच्या हाताखालून गेले होते.

"पानी घ्या काकू."

"आमी गाळल्याशिवाय पेत नाई बाप्पा," बाई म्हणाली.

"दुहेरी फडक्यातून गाळलं हाय. आमच्या घरी बी हेच हाय."

बाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग ओंजळ केली आणि पाणी प्याली. त्यानं गडवा माझ्यापुढं केला आणि ओठ न हलवता म्हणाला, "एकवीस हायत. सगळ्यायवर संपतराव. पन याचं अक्षर वेगळं हाय."

मी गडवा त्याच्या हातातच फिरवला. संपतराव यांजकडून सप्रेम भेट. ‘र’ची शेपूट खाली पार पुढच्या ओळीत गेली होती.

ते अक्षर अण्णांचं होतं. मी तिथंच मातीत बसले. आठ दिवस मी किन्हीराजाला भीत होते आणि तो गडवा दुकानातून बाहेरच गेला नव्हता. गोणपाट शिवण्याआधी अण्णांनी तो पाहिला होता, वाचला होता, बाजूला काढला होता, त्याच्या जागी दुसरा घेऊन स्वतः लिहून चाचांकडून घालून घेतला होता, आणि मग येऊन माझ्याकडं मान वर करून बघितलंही नव्हतं. "बरं केलं त्यानं." मला तेवढंच ऐकू येत होतं. वसंतनं हळूच विचारलं, "मंग तो कुठी गेला?" मी म्हटलं, "अण्णायपाशी हाय." त्याच्या हातातला गडवा खाली पडला नाही एवढंच. परतीच्या गाडीत बाई बोलत होती, "कोनाचं पोरगं हाय वो ते? गुनाचं दिसते." मी खिडकीकडं तोंड केलं. दात वाजत होते, थंडी आहे म्हणाले.

घरी पोचलो तेव्हा ऊन परसातल्या भिंतीवर हातभर उरलं होतं. बाई चूल पेटवायला आत गेली. मी दुकानात गेले, कारण कधीतरी जायचंच होतं. रहीमचाचा नव्हते. अण्णा गादीवर बसले होते, एकटे. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि माझ्या तोंडावरूनच त्यांना कळलं. त्यांनी मागच्या फळीवरचं पोतं बाजूला केलं आणि गडवा काढून माझ्यापुढं ठेवला. चाचांनी फार सुंदर घातलं होतं नाव. फक्त सुरुवातीला ‘सौ.’वर ओरखडे होते, कानशीचे.

"घासून पाह्यलं," अण्णा म्हणाले. "दोन दिवस घासलं. मंग हात चालेना."

मी पायाच्या अंगठ्याकडं बघत होते.

"दसऱ्याले माय घेऊन आल्ता तो पोरगा?"

मी मान हलवली.

"बोलली काय त्याच्यासंग?"

"आजच बोलली. गाडीत. गडव्याचंच." आणि मग मला रडू फुटलं. "अण्णा, शाळा बंद नका करू. मंग काई बी करा."

अण्णांनी समोरची वही मिटली. बाहेर एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी हातानंच उद्या ये सांगितलं. असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग ते म्हणाले, "शोभी मांगच्या हप्त्यात आल्ती माहेरी. मले रस्त्यात भेटली. पायी लागली, आन काईच बोलली नाई. पह्यले किती बोले ते पोरगी." आणि पुढं म्हणाले, "मले भेव वाटून राह्यलं पद्मे. समाज काय म्हनन त्याचं बी वाटते. आन तुले तसं पाहाचं बी वाटते."

माझ्या बापाला भीती वाटते हे मला सोळा वर्षांत माहीत नव्हतं. ते ऐकून माझी कमी झाली नाही, उलट वाढली. आता कुणाकडं पाहायचं, असं झालं. मी उभी, ते बसलेले, मधे तो गडवा. भिंतीवरचं ऊन वीतभर राहिलं असेल.

"पानी आन," अण्णा म्हणाले. "आठ दिवस झाले, संध्याकाळी घोट नाई घेतला."

दुसरं काही सुचेना. समोरचा गडवा उचलला, आत जाऊन गाळलेल्या पाण्यानं भरला, आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरला. पाणी काठावरून सांडत होतं. अण्णांनी हात पुढं केला आणि मागं घेतला.

"यातलं नको."

संपलं, असं मला वाटलं. शाळा संपली, सगळं संपलं. हिंगोलीकडच्या कुठल्यातरी घराची ओसरी मला दिसायला लागली. तोंडातून कसंबसं निघालं, "काहून?"

अण्णांनी गडव्यावरून बोट फिरवलं, ओरखड्यांपासून शेवटच्या अक्षरापर्यंत, ठिपका ठिपका.

"लेकीच्या सासरचा हाय हा. यातलं पानी मले आत्ताच चालत नाई." आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "मॅट्रिक होऊन जाऊ दे. मंग मी जातो त्यायच्या घरी. जाय, दुसऱ्या भांड्यात आन. दिवस बुडून राह्यला."

मी आत धावले. पाण्याच्या घडवंचीवरचा पेला पहिल्यांदा हातातून निसटला, आणि बाईनं चुलीजवळून विचारलं, काय पडलं वो.